‘सत्त्व’ आणि ‘माप’ : आवळा, क-जीवनसत्त्व व घरगुती त्वचाद्रव

भाषेच्या अभ्यासकाने त्वचेच्या निगेविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु एखादा पदार्थ नव्या नावासह समाजात येतो, तेव्हा त्या नावामुळे त्याच्या गुणांचे ज्ञान किती होते आणि भास किती होतो, हा प्रश्न शब्दार्थविचाराच्या कक्षेतलाच आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत हा प्रश्न आज व्यवहाराचा होऊन बसला आहे. रानात कार्तिकापासून आवळा पिकतो. आणि तालुक्याच्या बाजारात ‘व्हिटॅमिन सी सीरम’ या नावाची बोटभर बाटली मिळते, जी मजुरीवर चालणाऱ्या घराला सहज परवडत नाही. या दोहोंत एकच ‘सत्त्व’ आहे असे सांगितले जात असल्याने, बाटलीऐवजी आवळा किंवा लिंबू तोंडाला लावावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला कोठे चुकतो आणि स्वस्त व निर्धोक उपाय कोणता, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. निष्कर्ष आरंभीच सांगावयाचा तर असा: क-जीवनसत्त्वाचा त्वचाद्रव घरी, अल्प खर्चात करता येतो, परंतु तो आवळ्यापासून होत नाही, आणि अंदाजाने तर मुळीच होत नाही.

१. नावांची कुळकथा

‘आवळा’ हा शब्द संस्कृत ‘आमलक’ यापासून आला. स्वरांमधील ‘म’चा सानुनासिक ‘व’ होणे ही मराठीच्या घडणीतील परिचित प्रक्रिया आहे. ‘ग्राम’पासून ‘गांव’ व पुढे ‘गाव’, ‘नाम’पासून ‘नांव’ व पुढे ‘नाव’, त्याचप्रमाणे ‘आमलक’पासून ‘आंवळा’ व ‘आवळा’. ‘आम्ल’ हा शब्द कानाला जवळचा वाटला तरी त्याची वाट निराळी आहे. ‘अम्ल’पासून मराठीत ‘आंबट’ आला. गडचिरोली जिल्ह्यात या फळाला एकच नाव नाही. दक्षिणेस सिरोंचाकडील तेलुगूभाषक त्याला ‘उसिरि’ म्हणतात, तर मुलचेरा-चामोर्शी भागात वसविलेल्या बंगाली कुटुंबांत ‘आमलकी’ हे संस्कृताच्या जवळचे रूप टिकून आहे.

‘व्हिटामिन’ या शब्दाचा इतिहास मात्र फार जुना नाही. कासिमिर फुंक याने १९१२ मध्ये ‘जीवन’वाचक लॅटिन शब्दास ‘अमाइन’ हे रसायनवाचक पद जोडून तो घडविला. अशी सर्व द्रव्ये अमाइन जातीची असावीत, ही त्याची समजूत होती. ती टिकली नाही. १९२० मध्ये जॅक ड्रमंड याने शब्दाच्या शेवटचे ‘ई’ अक्षर गाळून ‘अमाइन’चा अर्थ पुसण्याचा प्रयत्न केला आणि ए, बी, सी अशी अक्षरे रूढ केली. क-जीवनसत्त्वात तर नत्र नसतोच; म्हणजे ‘अमाइन’ हे पद त्याच्या बाबतीत सर्वस्वी असत्य होय. ते पद वगळणारा मराठी ‘जीवनसत्त्व’ हा शब्द त्या अर्थाने मूळ शब्दापेक्षा अधिक निर्दोष ठरतो.

अक्षराची कथाही मनोरंजक आहे. इंग्रजीतील तिसरे अक्षर मराठीत ‘सी’ या उच्चाराने न येता ‘क’ म्हणून आले. आपल्या भूमितीच्या पुस्तकांत त्रिकोणाला ‘अबक’ व चौकोनाला ‘अबकड’ म्हणण्याची जी परंपरा आहे, तिचेच हे अपत्य. ‘क’ हे वर्णमालेतील पहिले व्यंजन असूनही येथे त्याचा क्रम तिसरा आहे. मांडणी इंग्रजीची आणि वेश देवनागरीचा.

या द्रव्याचे शोधक आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ च्या सुमारास ते वेगळे केले, तेव्हा त्यांना त्याची ओळख पटली नव्हती. त्यांनी त्याला प्रथम ‘इग्नोज’ असे नाव सुचविले. ‘मला ठाऊक नाही’ या अर्थाच्या लॅटिन धातूला शर्करावाचक प्रत्यय लावून केलेला तो विनोद होता. संपादकांनी तो नाकारल्यावर त्यांनी ‘गॉडनोज’, म्हणजे ‘देव जाणे’, हे नाव पुढे केले. तेही अर्थातच नाकारले गेले. अखेरीस १९३३ मध्ये ‘ॲस्कॉर्बिक आम्ल’ हे नाव ठरले. त्यातील ‘अ’ अभाववाचक असून उरलेला भाग स्कर्व्ही या रोगाच्या नावातून घेतला आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड याने खलाशांवर केलेल्या प्रयोगात जो रोग संत्री व लिंबे देऊन बरा झाला, तोच हा रोग. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे नाव पोटात गेलेल्या द्रव्याच्या कार्यावरून पडले आहे. त्वचेवर लावल्यास काय होईल, याविषयी ते काहीच सांगत नाही.

२. ‘सत्त्व’ या शब्दाचा भ्रम

मराठी घरात ‘सत्त्व’ या शब्दाला एक निश्चित, हाताने होणारी क्रिया चिकटलेली आहे. नाचणी भिजवावी, वाटावी, वस्त्रगाळ करावी, पाणी निवळू द्यावे. तळाशी जे बसते ते नाचणीचे सत्त्व. गुळवेलीचे सत्त्वही याच रीतीने काढतात. ही दोन्ही सत्त्वे प्रामुख्याने पिष्ठमय असतात. पाण्यात विरघळत नाहीत म्हणूनच ती तळाशी बसतात. क-जीवनसत्त्व याच्या नेमके उलट वागते. ते पाण्यात पूर्ण विरघळते आणि रसातील शर्करा, इतर आम्ले व तुरट द्रव्ये यांच्यात मिसळून राहते. निवळल्याने वा गाळल्याने ते वेगळे होत नाही. रस आटवला तर उष्णतेने व हवेने त्याचा नाश होऊ लागतो. म्हणजे ‘सत्त्व’ हा शब्द ज्या कृतीची आठवण करून देतो, ती कृती येथे निरुपयोगी आहे.

दुसरा भ्रम अधिक घातक आहे. किराणा दुकानात ‘लिंबूसत्त्व’ या नावाचे पांढरे स्फटिक मिळतात. ते क-जीवनसत्त्व नव्हे; ते सायट्रिक आम्ल होय. लिंबात क-जीवनसत्त्व असते, आणि हे ‘लिंबाचे सत्त्व’ आहे, यास्तव हेच क-जीवनसत्त्व असले पाहिजे, हे अनुमान भाषेच्या दृष्टीने स्वाभाविक पण वस्तुतः खोटे आहे. दोन्ही पुडी पांढऱ्या, दोन्ही आंबट, दोन्ही पाण्यात विरघळणाऱ्या. त्यांतील भेद जिभेला कळत नाही. तो केवळ वेष्टनावरील शब्दालाच सांगता येतो.

३. फळातील प्रमाण

‘हस्तामलकवत्’ म्हणजे तळहातावरील आवळ्याइतके स्पष्ट. परंतु तळहातावरच्या त्याच आवळ्यात काय किती आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क-जीवनसत्त्व दिले होते. २०१७ च्या नव्या कोष्टकांत हा आकडा सुमारे २५० मिलिग्रॅम आहे. जात, पक्वता, साठवण यांप्रमाणे फळाफळांत एवढा फरक पडू शकतो. मोठा आकडा धरला तरी हे प्रमाण शेकडा ०.६ होते. त्वचेवर परिणामकारक ठरलेल्या द्रवांत ते शेकडा १० ते २० असते. म्हणजे उत्तम आवळ्याचा रसही सौम्य द्रवाच्या सोळाव्या हिश्शाइतकाच, आणि नव्या कोष्टकाप्रमाणे चाळिसाव्या हिश्शाइतका, भरतो. लिंबाच्या रसात तर १०० ग्रॅमला ३० ते ५० मिलिग्रॅमच असते.

लिंबाच्या बाबतीत धोकाही आहे. त्याच्या, विशेषतः सालीच्या, रसातील काही द्रव्ये उन्हाशी संयोग होताच त्वचा भाजल्यासारखी करतात, आणि मागे काळे डाग महिनोमहिने राहतात. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, जेथे तेंदूपाने व मोहफुले वेचण्याचे काम त्याच दिवसांत उघड्यावर करावे लागते, तेथे डाग घालविण्यासाठी लिंबू चोळणे म्हणजे डागांना आमंत्रण देणे होय.

फळ समृद्ध आहे म्हणून ते त्वचेला लावावे, या युक्तिवादाची कसोटी पाहावयाची असल्यास सेंट-ग्यॉर्गी यांच्याच प्रयोगशाळेकडे वळावे. हंगेरीतील सेगेद येथे त्यांनी हे द्रव्य विपुल प्रमाणात मिळविले ते तेथल्या ताज्या मिरच्यांतून. भिवापूरच्या मिरचीशी परिचित असलेला कोणताही वैदर्भीय वाचक, मिरचीत क-जीवनसत्त्व आहे म्हणून ती गालाला लावण्यास धजणार नाही.

४. त्वचेची अपेक्षा

त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन नीट विणले जाण्यास क-जीवनसत्त्व आवश्यक असते. शिवाय उन्हामुळे निर्माण होणाऱ्या दाहक रेणूंना ते निष्प्रभ करते. मनुष्याच्या शरीरात ते तयार होत नाही, म्हणून ते आहारातूनच मिळवावे लागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषास दररोज ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम ही मात्रा ठरविली आहे. जुन्या व नव्या कोणत्याही कोष्टकाप्रमाणे एकदोन आवळ्यांत ती भागते. आवळ्याचे खरे स्थान येथे, ताटात आहे. त्याला ‘धात्री’ म्हणणाऱ्या पूर्वजांची दृष्टी या बाबतीत यथार्थ होती.

बाहेरून लावण्याचे शास्त्र निराळे आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांना सहसा आत येऊ देत नाही. शेल्डन पिनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये डुकराच्या त्वचेवरील प्रयोगांतून असे दाखविले की, ॲस्कॉर्बिक आम्ल आत शिरण्यासाठी द्रवाचा सामू, ज्याला प्रयोगशाळेत पीएच म्हणतात, तो ३.५ पेक्षा कमी असावा लागतो; प्रमाण शेकडा २० च्या पुढे वाढविल्यास लाभ वाढत नाही; आणि त्वचेत साठलेले द्रव्य निम्मे होण्यास सुमारे चार दिवस लागतात. मनुष्यांवरील लहान प्रयोगांत काही आठवड्यांच्या वापरानंतर उन्हाने आलेल्या सुरकुत्या व डाग काही अंशी कमी झाल्याचे आढळले आहे. लाभ आहे, पण तो माफक आहे. वर्ण बदलणे हे या द्रव्याचे कार्य नव्हे.

तेव्हा पदार्थाचे नाव, त्याचे प्रमाण, त्याचा सामू आणि त्याचा ताजेपणा अशा चार गोष्टी जुळाव्या लागतात. नावाने यांपैकी पहिलीच कळते. उरलेल्या तिन्ही मापाच्या आहेत.

५. मापाची भाषा व कृती

आपल्या पाककृतींची भाषा ‘चिमूटभर’, ‘चवीपुरते’, ‘अंदाजाने’ अशी आहे, आणि लोणच्याला ती पुरते, कारण चूक झाली तर जीभ लगेच सांगते. त्वचा उशिरा सांगते. यावरून मराठीत सूक्ष्म मापाची भाषाच नव्हती, असे मात्र समजू नये. सोनाराच्या पेढीवर ८ गुंजांचा मासा व १२ मासांचा तोळा होता. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे मासा सुमारे ०.९७ ग्रॅमचा, जवळजवळ एका ग्रॅमइतका. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि हे शब्द व्यवहारातून गेले. परंतु सोन्याला जी काटेकोर दृष्टी लागत असे, तीच येथे हवी.

साहित्य पुढीलप्रमाणे: औषधी किंवा खाद्य दर्जाची शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लाची पूड, औषधाच्या दुकानात मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी, खाण्याचा सोडा, ग्रॅमचा दशांश दाखविणारा लहान काटा, सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज, सामू दाखविणारे कागद, आणि गडद रंगाची, उकळून वाळविलेली काचेची बाटली. ‘सोडा’ या शब्दाबाबत सावध असावे. धुण्याचा सोडा हा वेगळा व तीव्र पदार्थ आहे. बेकिंग पावडरही येथे चालत नाही. चघळण्याच्या गोळ्या कुटून घेण्याचा मोह टाळावा, कारण त्यांत साखर, रंग व पुष्कळदा सोडियमयुक्त रूप असते.

नुसत्या पाण्यातील शेकडा १० चा द्रव सुमारे २.२ सामूचा, म्हणजे त्वचेला झोंबणारा असतो. तो थोडा सौम्य करण्यासाठी प्रथम १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवावा. प्रथमच वापरणाऱ्याने शेकडा ५ चा द्रव करावा. त्यासाठी १ ग्रॅम पुडीवर वरील सोड्याचे पाणी ४.५ मिलिलिटर घालावे, फेस पूर्ण शमू द्यावा, आणि ऊर्ध्वपातित पाण्याने एकूण २० मिलिलिटर करावे. काही आठवडे तो सोसल्यास शेकडा १० चा करावा: पूड २ ग्रॅम, सोड्याचे पाणी ९ मिलिलिटर, एकूण २० मिलिलिटर. गणिताने दोन्हींचा सामू ३.२ च्या जवळपास येतो. तथापि कागदाने तो ३ ते ३.५ आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. फेस शमण्यापूर्वी बाटलीला बूच लावू नये.

या हिशेबाने १०० ग्रॅम पूड शेकडा १० च्या ५० बाटल्यांना पुरते. बाजारातील बाटलीच्या किमतीत द्रव्याचा वाटा किती अल्प असतो, हे यावरून ध्यानी येईल. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. उत्तम प्रतीच्या महाग द्रवांत ई-जीवनसत्त्व व फेरुलिक आम्ल घालून टिकाऊपणा व उन्हापासूनचे रक्षण वाढविलेले असते, आणि २००५ मध्ये त्याची उपयुक्तता प्रयोगाने दिसून आली आहे. घरगुती द्रवाला तो टिकाऊपणा नसतो. म्हणून तो थोडा करावा, आणि वारंवार करावा.

६. लोखंड, तांबे आणि काळ

आवळा लोखंडी कढईत भिजवून केसांना लावण्याची रीत सर्वश्रुत आहे. आवळ्यातील तुरट द्रव्ये लोहाशी संयोग पावून काळा रंग होतो. जुनी शाईही याच तत्त्वावर होत असे. केसांना जे इष्ट, तेच येथे अनिष्ट. लोह व तांबे यांचा लवलेशही क-जीवनसत्त्वाचा हवेशी होणारा संयोग वेगाने घडवून आणतो आणि ते निकामी होते. यास्तव द्रव तांब्याच्या, पितळेच्या वा लोखंडी भांड्यात कधीही करू नये. हातपंपाच्या पाण्यातही पुष्कळदा लोहाचा अंश असतो. साधे स्वच्छ पाणी न सांगता ऊर्ध्वपातित पाणी सांगण्याचे कारण हेच.

द्रव बिघडू लागला की तो पिवळा व पुढे तांबूस होतो. रंग आलेला द्रव टाकून द्यावा. शीतकपाटात ठेवल्यास आठवड्यापुरता, ते नसल्यास सावलीत, गार जागी दोन दिवसांपुरताच द्रव करावा. तेव्हा वरील मापांचा चतुर्थांश पुरे. बाटलीवर तारीख लिहावी. प्रथम कोपराच्या आतील बाजूस एक थेंब लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज किंवा दाह न झाल्यास रात्री धुतलेल्या चेहऱ्यावर चार-पाच थेंब लावावेत. डोळे, ओठ, जखमा व चिघळलेली त्वचा वर्ज्य समजावी. लहान मुलांना लावू नये. दिवसा डोक्यावर पदर वा टोपी असलीच पाहिजे. हा द्रव सावलीची जागा घेत नाही.

७. उपसंहार

या विषयाचे महत्त्व सौंदर्यापुरते नाही. चेहरा उजळविण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मलमांत काही ठिकाणी तीव्र स्टेरॉइड आढळतात. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास प्रतिबंध केला, तो यासाठीच. अकोल्यातील एका कुटुंबातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार झाला आणि त्यांनी वापरलेल्या मलमात पारा आढळला, असे २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे अशा मलमात पाऱ्याचा अनवधानाने आलेला अंशही दशलक्ष भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही. जिला निर्धोक बाटली परवडत नाही, ती स्त्री या डब्यांकडे वळते. तिला लिंबाचा सल्ला देणे हा उपकार नव्हे, आणि ‘सर्व रसायने वाईट’ असे सांगणे हेही ज्ञान नव्हे.

तिला वाचता येईल असा मराठी मजकूर देणे, हे कार्य मात्र भाषेच्या अभ्यासकांच्या आवाक्यातील आहे. वेष्टनावर ‘लिंबूसत्त्व’ याच्याखाली ‘सायट्रिक आम्ल’ असे छापणे, ‘क-जीवनसत्त्व’ याच्याखाली ‘ॲस्कॉर्बिक आम्ल’ छापणे, प्रमाण शेकड्यांत व सामू अंकांत देणे, ‘खाण्याचा’ व ‘धुण्याचा’ सोडा यांतील भेद ठळक करणे, एवढ्याने पुष्कळ अनर्थ टळतील. सिरोंच्यात हाच मजकूर तेलुगूत, मुलचेऱ्यात बंगालीत आणि एटापल्ली-भामरागडकडे माडिया व गोंडीत, तेथील बोलणाऱ्यांकडून तपासून घेऊन, द्यावा लागेल. तो लिहिताना पदार्थाच्या नावांपेक्षा मापांच्या शब्दांवर अधिक श्रम घ्यावे लागतील; कारण नावाची चूक दुकानात सुधारता येते, मापाची चूक त्वचेवर उमटते.